हृदयधमनीतील स्टेंट : धोके आणि नंतरची काळजी

चरबीच्या थराने अरुंद झालेली हृदयाची धमनी फुग्याने रुंद करून ती पुन्हा मिटू नये म्हणून आत कायमची बसवलेली धातूची बारीक जाळी म्हणजे स्टेंट. सांगली-साताऱ्याकडे ‘स्प्रिंग टाकली’ असेही म्हणतात. फुग्याने हृदयधमनी रुंद करण्याची पहिली प्रक्रिया डॉक्टर आंद्रेयास ग्रुंटसिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला केली. पहिला स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्समध्ये बसला. आजचे बहुतेक स्टेंट औषधाचा लेप दिलेले असतात.

काम बहुधा मनगटातून, जागा बधिर करून होते. रुग्ण जागाच असतो. टोचलेल्या जागी रक्त साकळणे हा नेहमीचा, किरकोळ त्रास. क्ष-किरणांत धमनी दिसावी म्हणून रक्तात सोडलेल्या डायचा (रंगद्रव्याचा) मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून मधुमेही आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेल्या रुग्णांची आधी तपासणी होते. धमनी चिरणे, पक्षाघात, तातडीने बायपास करावी लागणे हे क्वचित घडते. ठरवून केलेल्या प्रक्रियेत जिवाचा धोका कमी असतो. अटॅक चालू असताना तो बराच वाढतो.

नातेवाईक टेबलावरच्या तासाभराला घाबरतात, पण खरी जपणूक त्यानंतर लागते. धातूवर धमनीचे अस्तर चढेपर्यंत जाळीत अचानक रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती जीवघेणी ठरते. ती टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी देतात: अटॅकनंतर साधारण वर्षभर, एरवी सहसा सहा महिने. अ‍ॅस्पिरिन बहुधा पुढेही चालू राहते. दुखायचे थांबले, किंवा दात काढायचा आहे, म्हणून परस्पर गोळ्या बंद करणे हे गुठळीचे सर्वात टाळता येण्याजोगे कारण. स्टेंट पुन्हा हळूहळू अरुंद होणे हा वेगळा प्रकार. लेपाच्या स्टेंटमुळे तो बराच घटला.

मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून उपचारांसाठी लांबून, अगदी कर्नाटकातूनही लोक येतात. आता सांगली-मिरज, कराड, सातारा येथे स्टेंटची सोय आहे. जत, आटपाडी किंवा माणच्या रुग्णापुढे प्रश्न अंतराचा असतो. अटॅकमध्ये दोन तासांच्या आत धमनी उघडता येणार नसेल, तर जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन पुढे पाठवणे योग्य. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरवली. त्यानंतर ती वेळोवेळी बदलली. रुग्णालयाचे बाकीचे बिल वेगळे, हे आधीच विचारून घ्यावे.

गुंतागुंत नसेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. आठवडाभर त्या हाताने जड उचलू नये. पाठीवरचा फवारणी पंप, उसाची मोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत दूरच. चालणे मात्र लवकर सुरू करतात. अटॅक येऊन गेला असेल तर शेतातल्या कष्टाच्या कामाला कित्येक आठवडे थांबावे लागते. तंबाखू आणि मिशरी सुटली नाही, तर स्टेंटचा उपयोग अर्धाच.

अटॅक नसून फक्त चालताना छाती भरून येत असेल, तर स्टेंटची घाई नसते. २००७ मधील ‘करेज’ अभ्यासात अशा स्थिर रुग्णांमध्ये चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंटने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. दुखणे मात्र सुरुवातीला अधिक कमी झाले. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत अडथळा असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. तिथे निर्णय वेगळा होतो, आणि बऱ्याचदा तो बायपासचा असतो.