हळदीची टिपणं ब्लॉकचेनवर चढवण्याआधी

हळद किती वेळ शिजवली, हळकुंडं किती वाळल्यावर पॉलिशला घातली, कंदकूज आली तेव्हा कशाने आटोक्यात आली, ही माहिती सांगली भागात बहुधा कुणाच्या तरी वहीत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेली असते. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडे एकसारखी राहणाऱ्या आणि मागाहून न बदलता येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, न्यायची टूम निघाली की आधी एक विचारावं: ही नोंद एकमेकांवर पुरता भरवसा नसलेले किती जण वापरणार? शेतकरी उत्पादक कंपनी एकटीच असेल, तर साधा डेटाबेस आणि रोजचा बॅकअप पुरे. कंपनी, गोदाम, प्रयोगशाळा आणि मार्केट यार्डातला खरेदीदार असे चौघं असतील, तरच या खटाटोपाला अर्थ.

तरीही टिपण साखळीवर चढवायचं नसतं. फाइल नेहमीच्या सर्व्हरवर राहते. साखळीवर जातो तिचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो), आवृत्तीचा क्रमांक आणि लिहिणाऱ्याची व तपासणाऱ्याची डिजिटल सही. फाइल दोन पानांची असो की दोनशे, एसएचए-२५६ ही हॅशची पद्धत तिचा ६४ अंक-अक्षरांचा ठसा काढते. ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची: कागदपत्रांवर काळाचा शिक्का उमटवून ते शिक्के साखळीत गुंफण्याची पद्धत हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्येच मांडली होती.

मराठीत खरी गोची वेगळीच होते. ‘दुसऱ्या दिवशी’ यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त (संगणक अक्षरं साठवतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत ६ बाइट), किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह (९ बाइट). पडद्यावर दोन्ही सारखेच, हॅश मात्र पार वेगळा, आणि पडताळणी ‘फाइल बदलली’ म्हणून बोंब मारते. अक्षरांना संगणकी संकेत देणाऱ्या युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) ही जोडी एक करत नाही. हॅश काढण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. पीडीएफ केली म्हणून सुटका नाही. ती नुसती पुन्हा सेव्ह केली तरी आतली तारीख बदलू शकते, म्हणून सही झालेली मूळ प्रतच जपायची.

हायपरलेजर फॅब्रिक या, संस्थांनी मिळून चालवायच्या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरमध्ये नोंदींचा क्रम राफ्ट या बहुमताच्या पद्धतीने लावायचा, तर ३ नोडपैकी (साखळी चालवणाऱ्या संगणकांपैकी) १ बंद पडला तरी काम चालतं. ४ ठेवले तरी १च. २ बंद पडलेले चालायचे तर ५ हवेत. चौघांनी मिळून चौथ्या नोडवर खर्च करण्यात हशील नाही. आणि राफ्ट सांभाळतं ते बंद पडलेल्या नोडला, लबाड नोडला नव्हे.

ओलावा ९.० ऐवजी ०.९ टाइप झाला, तर चूकही तितकीच पक्की बसते. ती खोडता येत नाही. जुन्या नोंदीचा हवाला देत नवी आवृत्ती चढवायची. म्हणूनच शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर किंवा गट नंबर साखळीवर कधीच घालू नये.