गाणं कुणाचं, रेकॉर्ड कुणाची?

ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांचे निकाल लागले की परभणीतल्या आमच्या गाणंवेड्या मित्रांत एक वाद ठरलेला. 'साँग ऑफ द इयर' आणि 'रेकॉर्ड ऑफ द इयर' कधी कधी एकाच गाण्याला मिळतात, मग वेगळे ठेवलेच कशाला?

जनाबाई आपल्या गंगाखेडची, तेव्हा उदाहरण तिचंच घेऊ. तिचा एक अभंग एकादशीला दहा भजनी मंडळं म्हणतात. चालही सगळ्यांनी एकच धरली असं समजा. मग गाणं एकच. पण त्यातल्या एका मंडळाचा आवाज, पखवाज, टाळ माइक लावून टिपले, की ती झाली रेकॉर्ड. साँगचा मान शब्द आणि चाल रचणाऱ्याचा. गायकानं त्यात एक ओळही रचली नसेल तर त्याला काही नाही. रेकॉर्डचा मान गायकाला, निर्मात्याला, ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करणाऱ्यांना.

१९८५ साली गायिका टीना टर्नरच्या 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट'नं दोन्ही जिंकले. टीनाला रेकॉर्डचा मिळाला, साँगचा नाही, कारण गाणं तिनं रचलेलं नव्हतं. ते रचणाऱ्या दोघांपैकी ग्रॅहम लाइलला नुसता साँगचा. टेरी ब्रिटनला मात्र दोन्ही, कारण रचणाऱ्यांत तो होता आणि निर्माताही तोच.

आपला घोळ होतो तो 'साँगरायटर'ला सरळ 'गीतकार' म्हटल्यानं. त्यात चाल बांधणाराही येतो. 'नभ उतरू आलं' घ्या. शब्द पळसखेडच्या ना. धों. महानोरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज आशा भोसलेंचा. ग्रॅमीच्या हिशेबानं साँगचे मानकरी महानोर आणि हृदयनाथ दोघंही. आशाबाई रेकॉर्डच्या बाजूला. फिल्मफेअर मात्र शब्द आणि संगीत वेगळे मोजतं. संगीतकाराला पुरस्कार १९५४पासून आहे, गीतकाराला १९५९पर्यंत थांबावं लागलं, पहिला शैलेंद्र यांना. (मधली पाच वर्षं चाली काय नुसत्या गुणगुणत होते?)

२०२३पासून ग्रॅमीत 'साँगरायटर ऑफ द इयर'ही आहे. तो एका गाण्याचा नाही, वर्षभराच्या लेखनाचा.

मागं एका स्पर्धेत माझ्या रचनेला 'उत्कृष्ट गीत' म्हणून बक्षीस मिळालं. स्मृतिचिन्ह गायकानं घरी नेलं, माझं नाव माइकवरून कुणी घेतलंसुद्धा नाही. जनीचं बरं होतं. तिनं शेवटच्या चरणातच 'नामयाची जनी' ओवून ठेवलं. म्हणणारा कुणीही असो, तिचं नाव घेतल्याशिवाय त्याला अभंग पुरा करता येत नाही.