शिक्षकांची मते आणि लहान मुलांचे धडे : इंग्लंडमधील वादाची पार्श्वभूमी

शिक्षकांची राजकीय मते धड्यांच्या आडून लहान मुलांच्या मनात उतरतात, ही तक्रार इंग्लंडमधील पालक गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या निमित्तांनी करत आले आहेत. ब्रेक्झिटचे सार्वमत, हवामानबदलासाठी शाळकरी मुलांनी केलेले संप, वंशवादविरोधी आंदोलन आणि गाझातील युद्ध ही त्यांतली अलीकडची निमित्ते होत. प्रत्येक वेळी चर्चा मात्र अशी होते की जणू हा प्रश्न कालपरवाच उपस्थित झाला आहे. वास्तविक या तक्रारींना ज्या कायद्याचा आधार दिला जातो तो १९८६ मधील आहे, त्या कायद्यामागची भीती त्याआधीच्या दशकातील आहे आणि त्यातील ‘पक्षपाती’ या कळीच्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने २००७ मध्ये लावला, तोही माध्यमिक शाळांसंबंधीच्या खटल्यात. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांना आज जे उत्तर मिळते ते बहुतांशी मोठ्या मुलांना नजरेसमोर ठेवून तयार झालेले आहे.

पूर्वी पालकांची धास्ती राजकारणाची नव्हती, धर्माची होती. आपले मूल भलत्या पंथाच्या शिकवणुकीखाली जाईल, या भीतीवर १८७० च्या शिक्षण कायद्याने धार्मिक पाठातून मुलाला काढून घेण्याचा हक्क देऊन उत्तर दिले. १९४४ च्या कायद्यानेही धार्मिक शिक्षण सक्तीचे करताना तो हक्क कायम ठेवला. इतर विषयांत काय शिकवावे याबाबत मात्र तो कायदा जवळजवळ गप्प होता आणि वर्गात काय चालते हा मुख्याध्यापकाच्या व शिक्षकांच्या अखत्यारीतील प्रश्न मानला जात होता. हा हक्क आणि हे मौन दोन्ही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण धार्मिक पाठातून आणि पुढे लैंगिक शिक्षणाच्या काही भागातून मूल काढून घेण्याची मुभा पालकांना मिळाली, तशी मुभा राजकीय रंगाच्या वाटणाऱ्या धड्याबाबत आजही नाही. युरोपीय मानवी हक्क कराराच्या पहिल्या पूरक करारात पालकांच्या धार्मिक व तात्त्विक श्रद्धांचा आदर राखण्याचे बंधन आहे. ब्रिटनने ते स्वीकारताना कार्यक्षम अध्यापन आणि अवाजवी सार्वजनिक खर्च या दोन सबबी राखून ठेवल्या. १९७६ मध्ये डेन्मार्कमधील पालकांच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ज्ञान वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविध दृष्टिकोनांतून दिले पाहिजे, मतारोपण चालणार नाही, असा दंडक घालून दिला. पालक ते प्रकरण हरले, दंडक मात्र टिकला.

राजकारणाची भीती प्राथमिक शाळेच्या दारात आली ती १९७०च्या दशकात. उत्तर लंडनमधील इझ्लिंग्टन भागातल्या एका कनिष्ठ (साधारण सात ते अकरा वर्षांच्या मुलांच्या) शाळेत १९७४ च्या आरंभी नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी मुलांना काय करायचे ते स्वतः निवडू देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर लागू केली. वंचित घरांतील मुलांना परंपरागत शाळा दडपते, अशी त्यांची भूमिका होती आणि ती उघडपणे राजकीय होती. पालकांपैकी अनेकांना, ज्यांत कामगार घरांतील पालकही होते, मुलांना वाचायला-लिहायला आणि हिशेब करायला येत नाही याची चिंता होती, आणि ते मुले शाळेतून काढू लागले. शाळेच्या व्यवस्थापकांशी संघर्ष वाढला, १९७५ च्या शरद ऋतूत लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने तपासणी लावताच शिक्षकांनी संप केला आणि जवळच समांतर शाळा भरवली. अखेरीस एका ज्येष्ठ वकिलाच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली आणि तिचा अहवाल जुलै १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्याध्यापकांसह काही शिक्षक पुढे बडतर्फ झाले. अहवालाने शिक्षकांइतकेच लंडनच्या शिक्षण प्राधिकरणालाही फैलावर घेतले होते, पण वर्तमानपत्रांच्या आठवणीत ‘डाव्या शिक्षकांनी बिघडवलेली शाळा’ एवढेच चित्र उरले. या शाळेत मुलांना कोणत्याही पक्षाचा प्रचार शिकवला गेला, हा वादाचा गाभा नव्हता. गाभा असा होता की शिक्षकांच्या जगाकडे पाहण्याच्या दृष्टीतून संपूर्ण शाळेची घडण ठरत होती आणि पालकांना तीत स्थान नव्हते. हा फरक पुढच्या कायद्यात हरवला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मजूर पक्षाच्या तत्कालीन पंतप्रधानांनी ऑक्सफर्डमधील एका महाविद्यालयात भाषण करताना नव्या अनौपचारिक अध्यापन पद्धतींविषयी पालकांना वाटणाऱ्या अस्वस्थतेचा उल्लेख केला आणि अभ्यासक्रम ही केवळ शिक्षकांची बाब राहू शकत नाही, असे सूचित केले. १९८०च्या दशकात हुजूर पक्षाच्या सरकारने हा धागा पुढे नेला, परंतु वेगळ्या दिशेने. अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या काळात काही शाळांत सुरू झालेले ‘शांतता अध्ययन’, स्थानिक शिक्षण प्राधिकरणांचे वंशवादविरोधी धोरण आणि १९८४ पासून रेंगाळलेला शिक्षकांचा वेतन संघर्ष, या सर्वांची एकत्र सरमिसळ होऊन शिक्षक हाच राजकीय कार्यकर्ता आहे, अशी प्रतिमा तयार झाली. संघटित शिक्षकांशी सरकारचे भांडण चालू असतानाच पालकांची काळजी संसदेत इतक्या तत्परतेने ऐकली गेली, हा निव्वळ योगायोग मानणे प्रस्तुत लेखकाला जड जाते.

१९८६ च्या दुसऱ्या शिक्षण कायद्यात दोन कलमे आली. कलम ४४ ने शिक्षण प्राधिकरण, शाळेचे नियामक मंडळ आणि मुख्याध्यापक यांच्यावर दोन गोष्टींना मज्जाव करण्याचे बंधन घातले. कनिष्ठ विद्यार्थ्यांनी, म्हणजे बारा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांनी, पक्षपाती राजकीय कृती करणे ही पहिली, आणि कोणताही विषय शिकवताना पक्षपाती राजकीय मतांचा पुरस्कार करणे ही दुसरी. कलम ४५ नुसार राजकीय प्रश्न मुलांसमोर येतील तेव्हा परस्परविरोधी मतांची संतुलित मांडणी होईल, यासाठी व्यवहार्य ती पावले उचलायची होती. शाळेच्या आवाराबाहेरची कृती शिक्षकाने शिक्षक या नात्याने किंवा शाळेच्या वतीने कोणी घडवून आणली असेल, तरच ती मज्जावाच्या कक्षेत येते. आई-वडिलांनी मुलाला मोर्चाला नेले तर कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. याच कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतील छडीची शिक्षा बंद केली आणि कनिष्ठ सभागृहात तो ठराव अवघ्या एका मताने निभावला. लोकांच्या लक्षात छडी राहिली, ४४ आणि ४५ ही कलमे फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. १९९६ मध्ये शिक्षणविषयक कायद्यांचे एकत्रीकरण झाले तेव्हा त्यांना ४०६ आणि ४०७ हे क्रमांक मिळाले आणि आज ती त्याच क्रमांकांनी ओळखली जातात. बंधन संस्था आणि मुख्याध्यापक यांच्यावर आहे, व्यक्तिशः वर्गशिक्षकावर नाही, आणि पालकाला त्यातून मिळतो तो तक्रारीचा मार्ग.

१९८८ मध्ये स्थानिक शासन कायद्यातील कलम २८ आले. समलिंगी संबंधांचा पुरस्कार करण्यास स्थानिक प्राधिकरणांना त्याने मनाई केली. त्या कलमाखाली कोणावर खटला चालला नाही, तरी इंग्लंडमध्ये २००३ मध्ये ते रद्द होईपर्यंत शिक्षक या विषयावर बोलणे टाळत राहिले. कायद्याची अस्पष्टता हीच त्याची ताकद ठरते, हे या कलमाने दाखवले आणि त्याची सावली पुढच्या सर्व वादांवर पडली.

‘पक्षपाती’ म्हणजे काय, हा प्रश्न वीस वर्षे जवळजवळ कोणी विचारला नाही. तो विचारला केंट परगण्यातील एका पालकाने. हे गृहस्थ व्यवसायाने ट्रकचालक, दोन शाळकरी मुलांचे वडील आणि एका शाळेच्या नियामक मंडळाचे सदस्य होते. २००७ मध्ये सरकारने अमेरिकेच्या एका माजी उपराष्ट्राध्यक्षांचा हवामानबदलावरील माहितीपट इंग्लंडमधील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना पाठवण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी ४०६ आणि ४०७ या कलमांच्या आधारे उच्च न्यायालयात दाद मागितली. हा माहितीपट राजकीय मतांचा पुरस्कार करतो, हे सरकारनेही नाकारले नाही. सरकारचे म्हणणे एवढेच होते की सोबतच्या मार्गदर्शक टिपांमुळे शाळेत तो दाखवणे म्हणजे त्यातील मतांचा पुरस्कार करणे ठरत नाही. ऑक्टोबर २००७ मधील निकालात न्यायमूर्तींनी ‘पक्षपाती’ म्हणजे केवळ एखाद्या राजकीय पक्षाशी निगडित, हा संकुचित अर्थ नाकारला आणि ‘एकांगी’ हा व्यापक अर्थ स्वीकारला. एकांगीपणा ओळखण्याच्या खुणाही त्यांनी सांगितल्या. गृहीतके स्वयंसिद्ध असल्यासारखी उथळपणे मांडणे, विद्यार्थ्यांना दाव्यांची सत्यता तपासता येणार नाही अशा रीतीने सामग्री वापरणे, एका बाजूच्या लोकांना थोर आणि दुसऱ्या बाजूच्यांना खल ठरवणे, आणि मतैक्य आहे असे गृहीत धरून त्यातून सोयीस्कर नैतिक निष्कर्ष काढणे, अशा त्या खुणा होत्या.

माहितीपटातील मुख्य वैज्ञानिक प्रतिपादन ढोबळमानाने अचूक असल्याचे न्यायालयाने मानले. मात्र नऊ ठिकाणी ते प्रस्थापित वैज्ञानिक मतापासून दूर जाते, असे नोंदवताना ‘चुका’ हा शब्द निकालपत्रात अवतरणचिन्हांत ठेवला गेला. ही अवतरणचिन्हे बातम्यांतून गळून पडली. सुधारित टिपा छापील स्वरूपात माहितीपटाबरोबर देण्याचे सरकारने मान्य केल्यामुळे प्रदर्शनावर बंदी आली नाही. याचिकाकर्त्याला त्याच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग मिळाला आणि दोन्ही बाजूंनी आपण जिंकल्याचे जाहीर केले. संतुलन म्हणजे दोन्ही मतांना सारखा वेळ, असेही न्यायालयाने म्हटले नाही. मांडणी न्याय्य आणि अभिनिवेशरहित असावी एवढीच अपेक्षा ठेवली.

या निकालाचे महत्त्व वादातीत असले, तरी लहान मुलांच्या बाबतीत तो अडखळतो, आणि ही अडचण अजून पुरेशी बोलली गेलेली नाही. विद्यार्थ्याला दावा तपासून पाहता आला पाहिजे, ही कसोटी पंधरा वर्षांच्या मुलापुढे अर्थपूर्ण आहे. सात वर्षांचे मूल बाईंचे म्हणणे तपासत नाही, ते घरी येऊन ‘बाईंनी सांगितलंय’ म्हणून आईलाच दुरुस्त करते. म्हणजे या कसोटीने पाहिले तर प्राथमिक वर्गातील कोणतेही वादग्रस्त विधान एकांगी ठरेल, किंवा त्या वयाला कसोटीच लागू नाही, असे म्हणावे लागेल. बारा वर्षांची मर्यादा कायद्याने आखली, पण ती मुलांच्या कृतीपुरती. अध्यापनाच्या बाबतीत पाच वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच वाक्यात बसवले गेले.

यानंतरच्या घडामोडी दाटीवाटीने आल्या. २०१२ पासून लागू झालेल्या शिक्षकांच्या व्यावसायिक मानकांत वैयक्तिक श्रद्धा व मते विद्यार्थ्यांच्या असुरक्षिततेचा गैरफायदा घेतील अशा रीतीने व्यक्त करू नयेत, असे बंधन आले. बर्मिंगहॅममधील काही शाळांत कट्टर इस्लामी विचार रुजवले जात असल्याच्या आरोपांनंतर २०१४ मध्ये लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि परस्पर आदर व सहिष्णुता ही ‘मूलभूत ब्रिटिश मूल्ये’ शाळांनी सक्रियपणे रुजवावीत, असे सांगण्यात आले. काही मते संतुलनाच्या पलीकडची आहेत, हे यातून राज्यसंस्थेनेच जाहीर केले. २०१५ मध्ये अतिरेकीकरण रोखण्याचे वैधानिक कर्तव्य शाळांबरोबर पाळणाघरांवरही आले. २०१९ मध्ये बर्मिंगहॅममधील प्राथमिक शाळांबाहेर पालकांनी समलिंगी कुटुंबांविषयीच्या पाठांविरुद्ध निदर्शने केली. तेथे पालकांचा आक्षेप धार्मिक होता की राजकीय, यावरच एकमत नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नॉटिंगहॅममधील एका प्राथमिक शाळेतील सर्वांत वरच्या वर्गाच्या मुलांनी कोविडच्या टाळेबंदीत सरकारी कार्यालयांत झालेल्या मेजवान्यांवरून पंतप्रधानांवर टीका करणारी पत्रे आपल्या खासदाराला लिहिली आणि शाळेने ती गोष्ट समाजमाध्यमावर अभिमानाने सांगितली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणे हा नागरिकशास्त्राचा पाठ की कलम ४०६ मधील निषिद्ध कृती, यावर मोठा गदारोळ झाला. त्याच महिन्यात शिक्षण खात्याने राजकीय निःपक्षपातीपणावर सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार हवामानबदलाचे विज्ञान हा राजकीय प्रश्न नाही आणि त्याच्या इन्काराला संतुलनाच्या नावाखाली जागा देण्याची गरज नाही, मात्र त्यावर उपाय कोणते करावेत हा प्रश्न राजकीय असू शकतो. रेषा स्वच्छ आहे, परंतु वर्गात मुले पहिल्या प्रश्नानंतर लगेच दुसराच विचारतात.

२०२३ च्या अखेरीस पूर्व लंडनमधील एका प्राथमिक शाळेत वाद उलट्या दिशेने फिरला. पॅलेस्टाइनचा ध्वज लावून मुलाने शाळेत येण्यावरून व्यवस्थापनाने निःपक्षपातीपणाचे कारण पुढे केले आणि हे मौनसुद्धा एक राजकीय भूमिकाच आहे, असे पालक म्हणू लागले. चाळीस वर्षांपूर्वी पालकांच्या नावाने आणलेले कलम पालकांविरुद्ध उगारले जाते, हे मूळ मसुदाकारांच्या ध्यानीमनीही नसावे. महाराष्ट्रातील वाचकाला या सगळ्याचे थोडे नवल वाटेल, कारण आपल्याकडे विधान परिषदेत शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत आणि शिक्षकाचे राजकीय अस्तित्व राज्यघटनेनेच मान्य केले आहे, अर्थात माध्यमिक स्तरापासून पुढच्या शिक्षकांपुरते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अभ्यासक्रमाच्या फेरआढाव्याच्या अहवालानंतर इंग्लंडमध्ये नागरिकशास्त्र प्राथमिक स्तरावरही सक्तीचे करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. माध्यमिक शाळांत तो विषय २००२ पासून सक्तीचा होता, प्राथमिक शाळांत ऐच्छिक. नवा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२८ पासून शिकवला जाणे अपेक्षित आहे. म्हणजे लोकशाही, कायदा आणि हक्क यांचे पाठ पाच ते अकरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मिळतील. पालकाला त्या पाठातून मूल काढून घेण्याची सोय कलम ४०६ आणि ४०७ मध्ये नाही, आणि ती कलमे १९८६ मध्ये ज्या शब्दांत लिहिली गेली जवळजवळ त्याच शब्दांत कायम आहेत.