बेडलॅम: एका रुग्णालयाचं नाव, गोंगाटाचा शब्द

कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही आणि नुसता आरडाओरडा चाललाय, अशा अवस्थेला इंग्रजीत 'बेडलॅम' म्हणतात. गर्दीसाठी, दंगा करणाऱ्या मुलांसाठी हा शब्द सहज वापरला जातो. मुळात मात्र ते लंडनच्या एका रुग्णालयाचं नाव आहे आणि ते रुग्णालय आजही चालू आहे.

१२४७ मध्ये लंडनच्या वेशीबाहेर 'बेथलेहेमची संत मेरी' या नावानं एक मठ स्थापन झाला. लोकांच्या जिभेवर बेथलेहेमचं बेथलेम झालं आणि पुढे बेडलॅम. काळाच्या ओघात मठात आजारी, निराधार माणसं राहू लागली. १४०३ च्या पाहणीत तिथे सहा मनोरुग्ण पुरुष असल्याची नोंद आहे. त्याआधी काही वर्षं केलेल्या सामानाच्या यादीत बेड्यांचे चार जोड, अकरा साखळ्या, सहा कुलपं आणि दोन खोडे आहेत. ही यादी वाचली की पुढचं बरंचसं कळून येतं.

१६७६ मध्ये रुग्णालय मूरफील्ड्सला राजवाड्यासारख्या नव्या इमारतीत गेलं. तिचा आराखडा रॉबर्ट हुक यांचा. ताणलेल्या स्प्रिंगचा नियम आपण शाळेत ज्यांच्या नावानं शिकतो, तेच हे हुक. प्रवेशद्वारावर शिल्पकार सिबर यांनी घडवलेल्या दोन मूर्ती होत्या: एक खिन्न, दुसरी साखळदंडात उन्मत्त. आतल्या रुग्णांना पाहायला लोक हौसेनं येत, देणगीपेटीत पैसे टाकत. १७७० मध्ये या बघ्यांवर निर्बंध आले, पण तोवर रुग्णालयाचं नाव गोंगाटाचा शब्द होऊन बसलं होतं.

उपचारांमागे त्या काळचं शास्त्र होतं. आपल्याकडच्या वात-पित्त-कफासारखी युरोपात शरीरातल्या चार द्रवांची कल्पना होती. द्रवांचा तोल बिघडला की मन बिघडतं, म्हणून रक्त काढायचं, वांत्या करवायच्या, जुलाब द्यायचे. १७२८ पासून १८५३ पर्यंत मन्रो घराण्याच्या चार पिढ्या इथे वैद्य होत्या. १८१५ मध्ये संसदेच्या समितीपुढे थॉमस मन्रो यांनी सांगितलं, की ही पद्धत वडिलांकडून आली आणि याहून चांगली त्यांना ठाऊक नाही. गुण येतो का, हे मोजून पाहण्याची रीतच तिथे नव्हती. क्रौर्याइतकंच हेही मला महत्त्वाचं वाटतं.

समिती बसली त्यामागे जेम्स नॉरिस हा रुग्ण होता. १८१४ मध्ये तो रुग्णालयाची पाहणी करायला आलेल्यांच्या नजरेस पडला. गळ्यात लोखंडी कडं, ते आखूड साखळीनं उभ्या दांड्याला अडकवलेलं, अंगाभोवती लोखंडी पट्ट्या. असा तो कित्येक वर्षं होता. भेटायला आलेल्यांशी तो शांतपणे, नीट बोलला. पुस्तकं आणि वर्तमानपत्रंही वाचत असे. गोंगाटाचा शब्द देणाऱ्या त्या घरातला हा माणूस.

आपल्याकडेही 'ह्याला येरवड्याला न्या', 'ठाण्याला भरती करा' असं हसत म्हणतात, कारण तिथे मनोरुग्णालयं आहेत. ते ऐकलं की मला नॉरिस आठवतो. घरच्या माणसाला तिथे न्यायची वेळ आली की हीच थट्टा पाय अडवते आणि उपचार लांबतात.

१८१५ मध्ये रुग्णालय साउथवर्कला हलवलं. ती इमारत आता युद्ध-संग्रहालय आहे. १९३० पासून रुग्णालय बेकनहॅमला आहे आणि आता ते ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा भाग आहे. तिथल्या आवारातल्या संग्रहालयात सिबर यांच्या त्या दोन्ही मूर्ती ठेवल्या आहेत.