हात लागला म्हणून खुडूक कोंबडी पिल्लू टाकत नाही

आमच्या चोपड्याकडं लहानपणापासून ऐकतोय, पिल्लाला माणसाचा हात लागला की खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी त्याला जवळ घेत नाही, टोचून मारते. हे खरं नाही हो. कोंबडी पिल्लू ओळखते ते आवाजावरून आणि दिसण्यावरून, हाताच्या वासावरून नाही.

मग ती टोचते कशामुळं? कारण आपण विकतची चार-पाच दिवसांची पिल्लं भरदिवसा तिच्यापुढं सोडतो, ती तिला आई मानत नाहीत, लांब पळतात, तिलाही परकी वाटतात, आणि नाव हाताचं होतं. तिनं जवळ घ्यावं तर पिल्लू एक-दोन दिवसांचंच पाहिजे आणि कोंबडी अंड्यांवर निदान दोन आठवडे घट्ट बसलेली पाहिजे, दोन दिवसांपूर्वी खुडूक झालेलीचा भरवसा नाही. रात्री अंधारात, मोबाईलची लाईट तिच्यावर न पाडता, पोटाखालून एक अंडं काढायचं नि तिथं एक पिल्लू सरकवायचं. मागच्या थंडीत मी अशीच दोन पिल्लं सरकवली, ती थोडा वेळ चिवचिवली, मग तिनं घशातून हळूच कुक-कुक केलं, पंख जरासे फुगवले आणि सगळं शांत. उजाडलं तेव्हा पंखाखालून दोन चोची बाहेर.

सकाळी मात्र तासभर तिथंच थांबा. एखादी तरीपण टोचते, अशा कोंबडीजवळ पिल्लं अजिबात ठेवू नका, लगेच बल्बखाली घ्या, पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते.