पाऱ्यापासून ब्लँकेटपर्यंत: फ्युजन भट्टीतल्या प्रवाहाचं गणित

फ्युजन, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवणं, म्हटलं की सगळ्यांचं लक्ष कोट्यवधी अंश तापलेल्या प्लाझ्माकडे, म्हणजे विद्युतभारित वायूकडे, जातं. पण ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या अभिक्रियेतली सुमारे ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन बाहेर पडतात आणि भोवतालच्या आवरणात, म्हणजे ब्लँकेटमध्ये, अडकतात. तिथली उष्णता बाहेर काढायची आणि लिथियमपासून नवं ट्रिटियमही बनवायचं. ही दोन्ही कामं एकट्यानेच उरकावीत म्हणून वितळलेलं शिसं-लिथियम खेळवण्याची कल्पना निघाली. गोची अशी, की हा धातू विजेचा वाहक आहे आणि भोवती जबरदस्त चुंबकीय क्षेत्र. आयटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन भट्टीच्या आराखड्यात प्लाझ्माच्या मध्यावर ते ५.३ टेस्ला धरलंय. धातू वाहिला की त्यात वीज उमटते आणि तीच त्याला ब्रेक लावते.

हे ब्रेकचं प्रकरण फ्युजनपेक्षा जुनं आहे. डेन्मार्कच्या ज्युलियस हार्टमन यांनी १९३७ साली चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या पाऱ्याचं गणित मांडलं. चुंबकीय ओढ चिकटपणाला किती भारी पडते हे सांगणारा अंक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्लँकेटमध्ये तो दहा हजारांच्या घरात जातो. म्हणजे नेमकं काय? २० सेंटिमीटर रुंद नळी घ्या. क्षेत्राला काटकोनात असलेल्या भिंतीलगत धातूचा वेग शून्यापासून पूर्ण होतो तो फक्त १० मायक्रॉनांत, केसाच्या जाडीच्याही आत. संगणकावर प्रवाहाचा हिशेब करताना जागेचे बारीक तुकडे पाडणारी जाळी घेतात; तिचे चार-पाच बिंदू तेवढ्यातच बसवावे लागतात. पुढे १९६५ साली हंट या संशोधकांनी दाखवलं, की काही भिंती वाहक आणि काही निरोधक असल्या तर मधला धातू जवळपास थांबतो आणि कडेने झोत सुटतात. उष्णता कुठून किती जाणार, हे अशा झोतांवरच ठरतं.

संगणकाची वाट वेगळी होती. त्याच १९६५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेच्या हार्लो आणि वेल्च यांनी अदाबनीय, म्हणजे दाबून आकसत नाही अशा, द्रवासाठी जाळीची पद्धत दिली. पण त्या समीकरणांत दाबाला स्वतःचं समीकरणच नसतं. आधी दाब अंदाजाने धरायचा, वेग काढायचा, वस्तुमानाचा हिशेब चुकला की दाब सुधारायचा, हा ‘सिंपल’ नावाचा उपाय १९७२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून आला. तो देणाऱ्या दोघांत स्पाल्डिंग यांच्यासोबत पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले सुहास पाटणकर होते. आपल्याकडे हे नाव यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर फारसं पोचलं नाही, याची मला खंत वाटते.

तरी फ्युजनसाठी एवढं पुरेसं नव्हतं. चुंबकीय बल आणि दाब जवळजवळ तोलामोलाचे असतात. उरतो तो बारीकसा फरक. वीजप्रवाहाच्या हिशेबात जराशी गळती झाली की हा फरक तीच खाऊन टाकते. जाळीच्या प्रत्येक घरात विजेचा जमाखर्च जुळवणारी पद्धत २००७ मध्ये नी या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत मांडली, तेव्हा मोठे हार्टमन अंक आवाक्यात आले. त्यानंतर या क्षेत्रातल्या कोडसाठी (संगणक-प्रणालींसाठी) ज्या सामाईक चाचण्या ठरल्या, त्यात पहिल्याच पायरीवर हंट यांचा प्रवाह आहे, हार्टमन अंक १५,००० पर्यंत.