टीईटी वेगळी, वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण वेगळं

“डी.एड. झालंय, बारा वर्षांनी प्रशिक्षण केलंय, चटोपाध्यायही (बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी) लागली. मग आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) कशाला?” १ सप्टेंबर २०२५ ला जुन्या शिक्षकांनाही टीईटी लागू करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून अनेक गुरुजी-बाई हे विचारतायत. वैताग समजण्यासारखा आहे, पण प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

टीईटी ही अर्हता. तिचं मूळ शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २३ मध्ये. त्याच्या आधारे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा लावली. १५० पैकी ९० गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलत), आणि एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. निकालाने ती कायदा येण्याआधी रुजू झालेल्यांनाही लागू केली: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हा. त्याहून कमी असेल तर नोकरी राहील, पण बढती हवी असल्यास टीईटी लागेलच. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे.

वरिष्ठ श्रेणीचं (१२ वर्षांच्या सेवेनंतर) आणि निवड श्रेणीचं (२४ वर्षांच्या सेवेनंतर) प्रशिक्षण उभं आहे ते राज्याच्या शासन निर्णयांवर, आणि त्याचा संबंध पगाराशी. ते राहिलं तर नोकरी जात नाही, वेतनश्रेणी अडते. त्यामुळे त्याचं प्रमाणपत्र कितीही जपून ठेवलं तरी टीईटीच्या जागी चालणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, पण तो कलम ८ आणि ९ मध्ये, म्हणजे सरकार आणि स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत: शिक्षकांना प्रशिक्षणाची सोय करून द्या. शिक्षकाची कर्तव्यं कलम २४ मध्ये आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं, पालकसभा घेणं वगैरे. स्वतः शिकत राहणं त्यात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. परिणाम असा की प्रवेशाचं दार कायद्याने घट्ट धरलंय आणि पुढची वाढ जीआरवर सोडलीय. मग प्रशिक्षणाची घाई सुटते ती बाराव्या नि चोविसाव्या वर्षी, तीही बहुधा प्रमाणपत्रासाठी. यात शिक्षकांचा दोष मला कमीच दिसतो. जिथे पगार अडतो तिथेच माणूस धावणार.

फक्त नववी-दहावीला शिकवणाऱ्यांना निकालाची ही अट लागत नाही, कारण शिक्षण हक्क कायदाच आठवीपर्यंतचा आहे. वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण मात्र त्यांनाही आहे.